शेवटचं पान कुणी फाडलं?

वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथेची शेवटची दोन पानं गायब निघावीत, हा अनुभव पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळ मराठी वाचकांच्या गाठीशी आहे. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं तर इतक्या हातांतून फिरायची की आधी मुखपृष्ठ जायचं, मग शिवण उसवायची आणि शेवटी नेमका खुन्याचं नाव असलेला भाग गळून पडायचा. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणारा हा माणूस. झुंजार, धनंजय, काळापहाड ही त्यांच्या नायकांची नावं घराघरांत माहीत होती आणि घरातली मोठी माणसं त्या पुस्तकांना बिनदिक्कत कचरा म्हणायची. शेवटाविना पुस्तक हातात उरलं की वाचकाला दोनच वाटा असायच्या. कुणीतरी सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा, नाहीतर मागे जाऊन पुन्हा वाचायचं आणि आहे त्या पुराव्यावर आपलं आपण ठरवायचं.

आज आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक माहितीचं शेवटचं पान असंच फाटलेलं असतं. फरक एवढाच, की ते फाटलेलं आहे हे आपल्या लक्षात येत नाही.

जळगावला लागून असलेलं असोदा गाव घ्या. भरताची वांगी आणि कवयित्री बहिणाबाईंचं माहेर, या दोन गोष्टींसाठी गाव ओळखलं जातं. इथल्या शेतकऱ्याचा मोबाइल सकाळी चहाच्या आधीच वाजायला लागतो. रावेरचा केळीचा भाव, बऱ्हाणपूरच्या लिलावाचा भाव, कापसाचा भाव, सोन्याचा भाव. ‘उद्या खानदेशात गारपीट’. बोंडअळीवर कुणाचा तरी रामबाण उपाय. फुकट स्प्रेपंप देणारी सरकारी योजना, आजच शेवटची तारीख. दोन वाढदिवस, एक दशक्रिया, एक लग्नपत्रिका. दिल्लीतल्या कुठल्यातरी भांडणाचा व्हिडिओ. आणि या सगळ्याच्या मधे कुठेतरी ई-पीक पाहणीची खरीखुरी मुदत सांगणारा एक मेसेज. तोच नेमका वाचायचा राहतो. मग महिन्याभराने तलाठ्याकडे हेलपाटे सुरू.

हर्बर्ट सायमन या अमेरिकी अभ्यासकाने १९७१ सालीच हे नीट मांडून ठेवलंय. माहिती वाचणाऱ्याचं लक्ष खाते, म्हणून माहितीची चंगळ झाली की लक्षाचा दुष्काळ पडतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्याही साठ वर्षं आधी चेस्टरटन या लेखकाच्या फादर ब्राऊन या गुप्तहेराने एका कथेत विचारलं होतं की शहाण्या माणसाला झाडाचं एक पान लपवायचं असेल तर तो ते कुठे लपवेल. उत्तर अर्थातच जंगलात. अ‍ॅगाथा ख्रिस्तीने पुढे या एका युक्तीवर अख्खी कादंबरी उभी केली. तिचं नाव सांगितलं तर शेवट फुटेल, म्हणून सांगत नाही. पण मुद्दा पक्का आहे. खरी गोष्ट लपवायला तिजोरी लागत नाही. तिच्यासारख्या दिसणाऱ्या शंभर गोष्टी भोवती टाकल्या की काम होतं.

मग गुप्तहेर या जंगलात काय करतो? आपली समजूत अशी असते की तो आपल्यापेक्षा जास्त माहिती गोळा करतो. तसं नसतं. चांगल्या रहस्यकथेत त्याच्याकडे असलेलीच माहिती वाचकाकडेही असते. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहून काढले. गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही, हा त्यांतलाच एक. म्हणजे माहिती सारखीच, तरी त्याला दिसतं आणि आपल्याला दिसत नाही. कारण तो प्रश्न आधी धरतो आणि माहितीकडे नंतर वळतो. आपण आलेलं सगळं वाचतो आणि त्यातून काहीतरी आपोआप निघेल अशी वाट पाहतो.

शेरलॉक होम्सची १८८७ सालची पहिलीच कादंबरी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’. तिच्यात डॉ. वॉटसनला धक्का बसतो, कारण पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेसुद्धा या हुशार माणसाला माहीत नसतं. वर होम्स सांगतो की आता कळलंच आहे तर विसरायचा प्रयत्न करतो. त्याच्या मते डोकं म्हणजे माळा. भंगार भरलं की कामाची वस्तू हाताला लागत नाही. मेंदूविषयीचं हे गणित चूकच आहे. एक गोष्ट शिकली म्हणून दुसरी बाहेर पडत नाही, उलट जाणकाराच्या नवीन गोष्ट लवकर लक्षात राहते. पण लक्षाविषयी होम्स बरोबर होता. आणि त्याच्या खोलीत वर्तमानपत्रांच्या कात्रणांच्या, नावावार लावलेल्या जाडजूड वह्या होत्या हे विसरायला नको. डोक्यात ठेवायचं नाही, पण कुठे सापडेल ते माहीत असायला हवं, अशी त्याची रीत.

दूरदर्शनवर १९९३ साली रजित कपूरने साकारलेला गुप्तहेर ब्योमकेश बक्शी अनेकांना आठवत असेल. त्याचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय पुढे पुण्यातच राहायला आले होते, हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं. ‘पथेर काँटा’ या कथेत ब्योमकेश वर्तमानपत्र उघडतो ते बातम्यांसाठी नाही, जाहिरातींसाठी. बातम्या पानं भरायला छापतात, पण जाहिरात देणारा पदरचे पैसे मोडतो, म्हणजे त्याला काहीतरी नक्की हवं असतं, असा त्याचा हिशेब. कोण काय म्हणतोय यापेक्षा कुणाला काय हवंय ते बघायचं. केळीचे भाव पडणार, लवकर माल काढा, असा मेसेज आला की कटाईची घाई करण्याआधी हेच विचारायचं. माल लवकर निघाला तर कुणाचं भलं होणार? कधी कधी मेसेज खराही असतो. पण प्रश्न विचारून नुकसान काहीच नाही.

आता तो गारपिटीचा मेसेज जरा भिंगाखाली घेऊ. ‘उद्या खानदेशात भयंकर गारपीट, हवामान खात्याचा इशारा, सर्वांना पाठवा.’ पहिला शब्द ‘उद्या’. कुणाचा उद्या? मेसेजवर तारीख नाही. तुमच्या फोनवर दिसते ती तो तुम्हाला पोचल्याची वेळ, लिहिल्याची नव्हे. तो मागच्या मार्चमधलाही असू शकतो. दुसरा शब्द ‘खानदेश’. हवामान खात्याच्या इशाऱ्यात जिल्ह्यांची नावं असतात: जळगाव, धुळे, नंदुरबार. इशारा कधी काढला त्याची तारीख असते आणि हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असा रंग असतो. इथे रंग नाही, जिल्हा नाही, दिवस नाही. तिसरा शब्द ‘भयंकर’. सरकारी कागद असा घाबरवत नाही, त्याची भाषा कोरडी असते. आणि शेवटी ‘सर्वांना पाठवा’. खरा इशारा आपल्याला काय करायचं ते सांगतो. हा मेसेज फक्त स्वतःचा प्रसार करायला सांगतोय. एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं, आणि यासाठी हवामानशास्त्र शिकलेलं असावं लागत नाही.

या तपासणीत एक गोष्ट लक्षात आली असेल. आपण मेसेजमध्ये काय आहे यापेक्षा काय नाही तेच जास्त बघितलं. ‘सिल्व्हर ब्लेझ’ ही होम्सची १८९२ सालची कथा याच कारणासाठी गाजली. तबेल्यातून शर्यतीचा घोडा रात्री गायब होतो आणि राखणीचा कुत्रा भुंकत नाही. सगळे जण जे घडलं त्याच्या मागे असतात, होम्स जे घडलं नाही ते धरतो. कुत्रा भुंकला नाही, म्हणजे येणारा ओळखीचा होता. जे समोर आहे ते कुणालाही दिसतं. जे असायला हवं होतं पण नाही, ते दिसायला आधी डोक्यात प्रश्न असावा लागतो.

खानदेशात हा प्रश्न न विचारल्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेली आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, हे मेसेज मोबाइलवर कितीतरी दिवस फिरत होते. सोलापूरकडच्या मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे पोचली. त्यांच्यातला कुणी एका लहान मुलीशी बोलला, असं लोकांनी पाहिलं. एवढंच. जमावाने त्यांना घेरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच मारून टाकलं. पाचही जण गेले. मुलं पळवणाऱ्या टोळीची गोष्ट खोटी होती.

त्या वर्षी देशभर एक क्लिप फिरत होती. गल्लीत मुलं खेळतायत, मोटरसायकलवरून दोघे येतात आणि एका मुलाला उचलून पसार होतात. बघणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. ती क्लिप मुळात पाकिस्तानातल्या कराचीची होती. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने ती जनजागृतीसाठी बनवली होती. मूळ चित्रफितीच्या शेवटी तेच दोघे मोटरसायकलवरून परत येतात, मुलाला सोडतात आणि मूल पळवायला किती कमी वेळ लागतो हे सांगणारा फलक दाखवतात. भारतात जी फिरली तिच्यातला हा शेवट कुणीतरी कापला होता. काही सेकंदांची कात्री, आणि उपदेशाचा पुरावा झाला. वाचनालयातलं पान निदान जुनं होऊन गळायचं. हे मुद्दाम फाडलेलं होतं.

ती क्लिप पुढे पाठवणाऱ्यांतल्या किती जणांनी विचारलं असेल की हे मूल कोण, कुठल्या गावचं, कुठल्या पोलीस ठाण्यात तक्रार आहे, आईबाप कुठे आहेत? मुलं पळवली जातायत असा शेकड्यांनी गलका, पण पळवलेल्या एकाही मुलाचं नाव नाही. कुत्रा भुंकला नव्हता.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. जुन्या इंग्रजी रहस्यकथांतल्या खेड्यात खून झाला की गावकरी आणि बहुधा गावचा पोलीससुद्धा ताबडतोब म्हणतो: कुणीतरी बाहेरचा असणार, एखादा भटक्या. मुरलेला वाचक तिथे मनात हसतो. त्याला अनुभवाने माहीत असतं की तो भटक्या कधीच खुनी नसतो. सगळ्यांना सोयीचा असतो म्हणून त्याचं नाव पहिलं येतं. मिस मार्पल ही ख्रिस्तीची म्हातारी विणकाम करता करता अख्खं गाव ओळखून असते, आणि म्हणूनच ती बाहेर बघत नाही, दिवाणखान्यात चहा पिणाऱ्यांकडे बघते. माहितीचा लोंढा अंगावर आला की माणूस तयार उत्तराला मिठी मारतो, आणि तयार उत्तर बहुतेक वेळा अनोळखी चेहऱ्याचं असतं. राईनपाड्याला आलेली पाच माणसं भटक्या समाजाचीच होती. त्यांच्याविरुद्ध दुसरा पुरावा नव्हता.

असंच एक प्रकरण सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये घडलं आणि त्याचं मूळ आपल्या मुंबईत आहे. शापूरजी एदलजी हे मुंबईचे पारशी ख्रिस्ती झाले आणि स्टॅफर्डशायरमधल्या ग्रेट वर्ली गावात धर्मगुरू म्हणून राहिले. त्यांचा मुलगा जॉर्ज वकील झाला. १९०३ साली त्या भागात रात्री-बेरात्री घोड्यांची, गुरांची पोटं फाडली जाऊ लागली. सोबत निनावी पत्रांचा पाऊस, आणि त्यांत जॉर्जकडे बोट. तेव्हाचे फॉरवर्डच म्हणायचे ते. पोलिसांनी जॉर्जच्या घरातून चिखलाचे बूट, वस्तरे आणि घोड्याचे केस असल्याचा आरोप असलेला कोट जमा केला, अक्षरतज्ज्ञही आणला. पुराव्याचा ढीग मोठा होता. सावळ्या वर्णाच्या, गावात उपऱ्या ठरलेल्या या कुटुंबावर संशय घ्यायला लोक तयारच बसले होते. जॉर्जला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तो कोठडीत असतानाही जनावरांवर वार होत राहिले, पण तेवढ्याने कुणाचं मत बदललं नाही.

तीन वर्षांनी तो सुटला, निर्दोष ठरला नव्हताच. त्याने होम्सचा निर्माता आर्थर कॉनन डॉयल यालाच गाठलं. डॉयल भेटीला लंडनच्या हॉटेलात आला तेव्हा जॉर्ज वर्तमानपत्र वाचत बसला होता. कागद डोळ्यांच्या अगदी जवळ, तोही थोडा तिरका धरून. डॉयलने नेत्ररोगाचं शिक्षण घेतलं होतं. लांबूनच त्याच्या लक्षात आलं की या माणसाची नजर फार अधू आहे. अंधारात रेल्वेमार्ग ओलांडून, कुंपणं चढून, शेतातलं जनावर हेरून त्याच्यावर वार करणं अशा माणसाला जमणं जवळपास अशक्य. जानेवारी १९०७ मध्ये त्याने ‘डेली टेलिग्राफ’मध्ये लेख लिहून प्रकरण धसास लावलं. त्याच वर्षी जॉर्जला माफी मिळाली. ती अर्धीच होती. जनावरांचा गुन्हा माफ झाला, पण निनावी पत्रं त्यानेच लिहिली असा ठपका ठेवून नुकसानभरपाई नाकारली गेली. १९०७ सालीच इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलांसाठी वेगळं न्यायालय उभारण्याचा कायदा झाला, आणि त्यामागे जी प्रकरणं होती त्यांत हे एक.

पोलिसांकडे कागदांचा ढीग होता, डॉयलकडे एक प्रश्न होता: हे काम याला जमेल का? चष्म्याच्या नंबरापाशी सगळा ढीग कोसळला.

मात्र इथे थांबलो तर हा लेखही अर्धाच राहील. गुप्तहेरांच्या गोष्टी वाचून माणसाला आपणच होम्स आहोत असं वाटायला लागतं, आणि तो अफवेइतकाच घातक रोग आहे. याची सुरुवात रहस्यकथेच्या जन्माबरोबरच झाली. न्यूयॉर्कच्या मेरी रॉजर्स नावाच्या तरुणीचं प्रेत १८४१ साली नदीत सापडलं आणि वर्तमानपत्रांना उधाण आलं. एडगर अ‍ॅलन पो याने ती घटना पॅरिसमध्ये नेऊन १८४२ पासून कथा छापायला सुरुवात केली. त्याचा गुप्तहेर द्यूपँ खुर्चीतून न उठता फक्त वर्तमानपत्रांची कात्रणं तपासतो. कोणत्या पत्राने काय गृहीत धरलं, कोण खळबळीसाठी लिहितंय, कुठल्या दोन बातम्या एकत्र खऱ्या असूच शकत नाहीत, हे तो एकेक करून सोलून काढतो. बातम्या कशा वाचाव्यात याचा हा आजही उत्तम धडा आहे. पण कथा क्रमशः छापली जात असतानाच खऱ्या प्रकरणात नवी माहिती पुढे आली आणि पोला आपला मजकूर सावरून घ्यावा लागला. मेरी रॉजर्सचं खरं काय झालं ते आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही. कात्रणातली चूक खुर्चीत बसून पकडता येते. गुन्हेगार पकडता येईलच असं नाही. खोटं आहे हे कळणं आणि खरं काय ते कळणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

खुद्द डॉयलनेही हेच दाखवून दिलं, फक्त उलट्या बाजूने. चष्म्याचा नंबर लांबून हेरणारा हा माणूस १९२० साली दोन मुलींनी काढलेल्या पऱ्यांच्या फोटोंवर भाळला आणि त्याने ‘स्ट्रँड’ मासिकात लेख लिहिला. त्या पऱ्या कागदातून कापलेल्या होत्या, असं त्या दोघींनी म्हातारपणी, १९८३ साली कबूल केलं. परलोकविद्येवर डॉयलचा विश्वास होता, आणि फोटो त्या विश्वासाच्या बाजूचे होते. आपल्या बाजूचा पुरावा आला की भिंग खिशातच राहतं. त्याचा होम्स जास्त सावध होता. ‘द यलो फेस’ कथेत त्याचा तर्क साफ फसतो. तेव्हा तो वॉटसनला सांगतो की पुढे कधी मला फाजील आत्मविश्वास चढला तर हे प्रकरण घडलं त्या गावाचं नाव माझ्या कानात सांग.

आता पुन्हा असोद्याकडे येऊ. तिथे १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. वर्तमानपत्रं त्यांच्यापर्यंत पोचली असतील तर ती ऐकूनच. सुगरणीचा खोपा, शेत, मोट, घरोट, माणसाचं मन, एवढाच त्यांचा परीघ. पण त्यातली एकेक गोष्ट त्यांनी जितकी बारकाईने पाहिली तितकी शंभर पानं चाळणाऱ्यांना दिसत नाही. त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली पुस्तकरूपाने आली. कमी माहिती म्हणजे शहाणपण, असं मी म्हणणार नाही. निरक्षरता ही काही मिरवायची गोष्ट नव्हे, आणि आजच्या शेतकऱ्याला भाव आणि हवामान कळायलाच हवं. पण एका वस्तूपाशी थांबून बघण्याची सवय मोबाइलच्या आधीपासून याच मातीत होती.

राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये अनेक वेळा फिरलेले मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असं केलं, आणि अशा मेसेजचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. मेसेजवर दोन बाण दिसले की तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय एवढं समजायचं. यंत्राने त्याच्या परीने चाल मंदावली. शेवट कापलाय का, हे मात्र यंत्र सांगत नाही.

तेव्हा एक विनंती. मूल पळवल्याचा मेसेज किंवा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर आला, तर तो पुढे पाठवू नका आणि बाजारातल्या अनोळखी माणसाकडे बोटही दाखवू नका. ११२ ला फोन करा. मुलांसाठी १०९८ ही वेगळी सेवा आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत. पलीकडचा माणूस आधी हेच विचारेल की कुठे, कधी आणि कुणाचं मूल. उत्तर तुमच्याकडे नसेल, तर तो मेसेज खोडून टाका.